वाचून दाखवणाऱ्याचं कलम

३ जानेवारी

चिरंजीव शहाण्यास,

तुझं पत्र काल आलं. आईच्या नावाने. तिकडे गेल्यापासून मला तू ओळही लिहिलेली नाहीस आणि आईला पानंच्या पानं लिहितोस. लिही बापड्या. पण तिसऱ्या पानावर तू लिहिलंयस, "खोकला अजून गेलेला नाही, पण हे ताईला सांगू नकोस, ती उगाच डोक्यावर बसेल." अरे, हे पत्र वाचणार कोण होतं? आईला अक्षर येत नाही, हे आगबोटीत पाय ठेवल्याबरोबर विसरलास की काय? मी आपली मोठ्याने वाचत गेले, वाचत गेले आणि "ताईला सांगू नकोस"पाशी येऊन अडखळले. आई गंभीरपणे म्हणाली, "बरं, नाही सांगत. पुढं वाच."

तेव्हा मला खोकल्यातलं काही कळलेलं नाही. कोमट पाणी पी आणि रात्री खिडकी लावून झोप, हे मी सहज लिहितेय.

आता मुद्द्याचं. ग्रंथालय विधेयकाच्या समितीवर मला घेतलंय. हसू नकोस. सात जणांत मी एकटी बाई आणि रोज स्वतःच्या हाताने ग्रंथालयाचं दार उघडणारीही मी एकटीच. मंत्रालयातून पत्र आलं तेव्हा मी ते आईला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा तिने मागितलं नव्हतं.

समितीपुढे मसुदा कोणाचा आहे, ते तुला सांगायला नको. तुझाच. तू जाण्याआधी मध्यवर्ती ग्रंथालयाच्या त्या कोंदट खोलीत बसून लिहिलास तो. पहिल्या बैठकीत अध्यक्षांच्या सेक्रेटरीने पहिलं वाक्य वाचलं, "ग्रंथालय ही मेहेरबानी नसून नागरिकाचा हक्क आहे," आणि टेबलाभोवती सगळे एकदम नीट बसले. अनामत नको, दोन सभासदांची जामीन सही नको, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर प्रत्येकाला ग्रंथालय. काय लिहिलंयस रे! हे माझ्या भावाचं आहे असं मी तोंडाने म्हटलं नाही, पण मान आपोआप ताठ झाली. शेजारच्या मुख्याध्यापकांनी विचारलं, "पाठ दुखतेय का?"

हे झालं कौतुक. आता कलम अकरा. "वाचनगृहात शांतता राखावी. मोठ्याने वाचणाऱ्यास दंड व वारंवार वाचल्यास प्रवेशबंदी." आणि अट अशी की, नियम न पाळणाऱ्या ग्रंथालयाचं अनुदान बंद.

म्हणजे माझं बंद. कारण रोज संध्याकाळी मागच्या व्हरांड्यात मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचते आणि बाजारातले हमाल, कपडे धुणारी, तो लंगडा शिपाई आणि आपली आई, असे सगळे बाकांवर बसून ऐकतात. हे तुला ठाऊक होतं. ठाऊक असून तू ते कलम लिहिलंस, म्हणून तू मसुदा दाखवलास त्या रात्री जेवताना मी बोलले. बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि दुपारच्या सुट्टीत पायऱ्यांवर बसून सोबत्यांना पेपर वाचून दाखवायचे. तेव्हाच्या राजवटीत चार माणसांपुढे छापील मजकूर मोठ्याने वाचायला पोलिसांची परवानगी लागायची. बाबांनी ती घेतली नव्हती. त्यांना आत टाकलं तेव्हा तू आईच्या कडेवर होतास, मी पदर धरून उभी होते. म्हणून म्हणाले, "बाबांना ज्या गुन्ह्यासाठी धरून नेलं, तो गुन्हा तू आपल्याच राज्यात परत आणलास." तू भरल्या ताटावरून उठलास.

ते वाक्य मी मागे घेत नाही. आजही नाही. पण ताट तरी संपवायचं होतंस.

आशीर्वाद आहेतच, रागासकट.

तुझी
ताई


२१ जानेवारी

शहाण्या,

आज सगळा घोळ करून आले. तूच ऐक, कारण आईला सांगायची हिंमत नाही.

बैठकीची खोली जुन्या साहेबांची आहे. टेबलावरच्या हिरव्या कापडाला सिगारेटची भोकं आहेत आणि खुर्च्या इतक्या उंच की माझे पाय लोंबकळतात. लोंबकळत्या पायांनी भांडायला फार जोर लागतो. समोर कायदे खात्याचे मसुदेवाले बसतात. गृहस्थ सज्जन आहेत, पण "परंतु" लावल्याशिवाय वाक्य सोडत नाहीत. "आज हवा बरी आहे, परंतु पुढील परिस्थितीच्या अधीन." मी त्यांचं नाव परंतुक ठेवलंय. कायद्यात त्या 'परंतु'च्या शेपटीला तेच म्हणतात. मनातल्या मनातच ठेवलंय, पण एकदा तोंडातून निसटलं. तर म्हणाले, "चालेल, परंतु बैठकीबाहेर."

कलम दोन आलं. व्याख्या. "वाचक म्हणजे वाचता येणारी कोणतीही व्यक्ती." मी म्हटलं, आपल्याकडे दहांतल्या आठांना वाचता येत नाही. त्या आठांनी कर भरायचा आणि ग्रंथालय दोघांचं?

परंतुक म्हणाले, "बाई, त्यांच्यासाठी शाळा आहेत. वाचता न येणाऱ्याला ग्रंथालय म्हणजे पोहता न येणाऱ्याला तलाव."

"पोहता न येणाऱ्यालाच तलाव लागतो," मी म्हटलं. "येणाऱ्याला नदी पुरते."

मुख्याध्यापक हसले. अध्यक्ष हसले नाहीत. अध्यक्ष म्हणजे निवृत्त न्यायाधीश, ताठ कण्याचे, कमी बोलणारे. त्यांच्या डोळ्यांवर पडदा आलाय. सेक्रेटरी शेजारी बसून प्रत्येक कागद त्यांच्या कानाशी वाचतो. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. अध्यक्ष म्हणाले, "व्याख्या सुटसुटीत आहे. राहू द्या."

आणि माझी जीभ घसरली. घसरली कशाची, मीच सोडली. म्हटलं, "मग कलम दोनप्रमाणे अध्यक्षसाहेबही वाचक नाहीत. आणि कलम अकराप्रमाणे त्यांच्या सेक्रेटरीला दंड होईल."

परंतुकांनी पेन खाली ठेवलं. अध्यक्ष उठले, सेक्रेटरीने हात धरला, आणि दारातून "बैठक तहकूब" एवढं ऐकू आलं.

जिना उतरताना मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तुम्ही खरं बोललात, पण खरं बोलायलाही एक वेळ असते." मला सांग, ती वेळ कोणती? विधेयक पास झाल्यावर?

आंधळ्याला आंधळा म्हणू नये, हे आईने शिकवलंय. मला वाईट वाटलं. पण मला आपल्या कामाची भीतीही वाटली, आणि ती जास्त वाटली. मला समितीवरून काढलं तर तुझं कलम अकरा जसंच्या तसं जाईल. मग व्हरांड्याला कुलूप. आईला मी काय सांगणार, की तुझ्या मुलाने लिहिलं आणि मुलीने घालवलं?

तुझी
ताई


१२ फेब्रुवारी

शहाण्या,

बैठकीची नोटीसच येईना. मंत्रालयातला शिपाई, जो एरवी मला पाहून स्टूल पुढे करायचा, तो खिडकीतून बाहेर बघायला लागला. समिती नव्याने नेमणार अशी कुणकुण लागली. आणि अशात तुझं पत्र! आईच्या नावाने, अर्थात. "ताईला सांग, मसुद्याला हात लावू नकोस. एक वीट काढलीस तर भिंत पडेल. आणि शांततेशिवाय ग्रंथालय म्हणजे बाजार." हे मी आईला वाचून दाखवलं, तुझ्याच आवाजात, नाक वर करून.

आई म्हणाली, "लिही त्याला, बाजारातही लोक कामाचंच बोलतात." ते मी तिच्या पत्रात लिहिलंय. तिचं वेगळं, माझं वेगळं. पाकीट एकच, तिकिटं महाग झालीत.

तर मग मंगळवारी संध्याकाळी मी नेहमीसारखी व्हरांड्यात वाचत होते. समोरच्या पत्रेवाल्याची ठोकाठोक चालू होती, म्हणून आवाज चढवलेला. काठीचा आवाज आला. वर बघते तर अध्यक्ष! सोबत सेक्रेटरी नाही. घरचा नोकर दारापर्यंत सोडून गेला असावा. मी उठायला लागले तर त्यांनी हातानेच "चालू द्या" केलं आणि काठीने बाक चाचपत बसले. कोणाच्या शेजारी? आपल्या आईच्या!

माझं निम्मं लक्ष पेपरात, निम्मं त्या बाकावर. आई हातातलं शिवण थांबवून त्यांच्याकडे बघत होती. मग तिने विचारलं, आणि आईचं हळू बोलणं तुला माहीत आहे, रस्त्यापलीकडे जातं: "तुम्हालाही वाचायला येत नाही का?"

मी डोळे मिटून घेतले.

"यायचं," अध्यक्ष म्हणाले. "आता डोळे गेले."

"मग असे इकडे सरका. त्या टोकाला पत्रेवाला ऐकू येतो, बातमी नाही."

ते सरकले. मी पुलाच्या कामाची बातमी वाचली, गिरणीतल्या संपाची वाचली, मग वरच्या कोर्टाचा एक निकाल. निकालावर हमालांचा वाद झाला. हमालांचा मुकादम म्हणाला, न्यायाधीशाला अक्कल नाही. मी पेपर तोंडापुढे धरला. अध्यक्ष म्हणाले, "आधीचा परिच्छेद पुन्हा वाचा बरं, बाई." मी वाचला. ते मुकादमाला म्हणाले, "अक्कल आहे. साक्षीदार नव्हता." मग दोघांची जुंपली ती दिवेलागणीपर्यंत. शेवटी मुकादम म्हणाला, "म्हातारबा, तुम्ही उद्याही या." त्याला काय माहीत, कोणाला म्हातारबा म्हणतोय ते!

जाताना अध्यक्ष माझ्यापाशी थांबले. माझ्या त्या दिवशीच्या बोलण्याचा एक शब्द काढला नाही. "पुढच्या बुधवारी बैठक आहे. नोटीस येईल," म्हणाले. "आणि त्या पत्रेवाल्याचं काही तरी करायला हवं."

आई घरी येताना म्हणाली, "माणूस चांगला आहे. पण त्याला घरी कोणी वाचून दाखवत नाही वाटतं."

"पगारी माणूस आहे त्यांना," मी म्हटलं.

"तो कागद वाचत असेल. पेपर कोण वाचतं?"

तुझी
ताई


१८ मार्च

शहाण्या,

जिंकलो. म्हणजे समितीत जिंकलो. बस खाली आणि नीट वाच.

त्या बुधवारच्या बैठकीत अध्यक्षांनी आल्या आल्या सेक्रेटरीला कलम दोन वाचायला सांगितलं. त्याने वाचलं. अध्यक्ष म्हणाले, "त्या दिवशी मी रागावून घरी गेलो. हेच कलम पुन्हा वाचून घेतलं. हा वाचत होता, मी ऐकत होतो. मग मनात आलं, या वेळी मी काय करतोय? जन्मभर मी जे केलं तेच की. फक्त डोळे त्याचे." मग माझ्या दिशेने तोंड करून म्हणाले, "बाई, तुम्ही उद्धट आहात. परंतु मुद्दा बरोबर आहे." परंतुकांना तो 'परंतु' इतका आवडला की तेही विरघळले.

आता व्याख्या अशी: "वाचक म्हणजे वाचणारी किंवा वाचलेलं ऐकणारी कोणतीही व्यक्ती." आणि कलम एकोणीस नवं: प्रत्येक सार्वजनिक ग्रंथालयात एक माणूस नेमायचा, पगारी, ज्याचं काम मागेल त्याला मागेल ते वाचून दाखवणं. पुस्तक, पेपर, सरकारी नोटीस, घरी आलेलं पत्र, काहीही. त्या पदाला नाव काय द्यायचं यावर अर्धा दिवस गेला. परंतुकांनी असे शब्द काढले की ते वाचून दाखवायलाच माणूस लागला असता. शेवटी मी म्हटलं, आमच्या व्हरांड्यात आईपासून सगळे याला 'वाचून दाखवणारा' म्हणतात. अध्यक्ष म्हणाले, "मग कायद्यातही तेच म्हणतील." आईचा शब्द राजपत्रात जाणार! तिला सांगितलं तर म्हणते, "मग दुसरं काय म्हणणार?"

आता तुझ्या कलम अकराचं. मी ते मुळासकट उपटणार होते, खोटं कशाला बोलू. पण मागच्या आठवड्यात परीक्षेला बसलेली एक मुलगी माझ्या टेबलापाशी आली. घरात आठ माणसं, दिवा एक, म्हणून ती ग्रंथालयात अभ्यास करते. म्हणाली, "बाई, तुमचा आवाज भिंतीतून येतो. तुम्ही संपाची बातमी वाचता आणि माझं गणित चुकतं." मी तिला काय दंड करू? तिचाही हक्क तूच लिहिलायस.

म्हणून कलम अकरा राहिलं. प्रत्येक ग्रंथालयात दोन खोल्या, मध्ये पक्की भिंत. एक गप्प, एक बोलती. गप्प खोलीत तुझं कलम, शब्दन् शब्द. दंड तेवढा मी काढला. एवढा ताईपणा चालवून घे.

समितीत तुझी बाजू कोणी मांडली असेल? मीच. परंतुक म्हणाले, "बाई, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?" मी म्हटलं, "मसुदा आमच्या घरचा आहे." या वेळी तोंडाने म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

तुझी भिंत पडलेली नाही, शहाण्या. तिला शेजारी एक खोली निघाली.

तुझी
ताई


३० एप्रिल

शहाण्या,

कायदा झाला. झाला रे!

काल सभागृहात तिसरं वाचन होतं. मी आईला घेऊन गेले. गॅलरीतल्या लाकडी पायऱ्या तिला चढवेनात, मुकादमाने मागून आधार दिला. हो, मुकादमही होता. चार हमाल, कपडे धुणारी, तो लंगडा शिपाई, अख्खा व्हरांडा आला होता. दारावरचा पहारेकरी म्हणाला, "एवढे सगळे एकाच घरचे?" आई म्हणाली, "हो."

खाली एक जाडजूड सभासद उठले. म्हणाले, "ऐकणाऱ्याला वाचक म्हणायचं, तर उद्या जेवणाऱ्याकडे बघणाऱ्याला जेवलेला म्हणा!" सभागृह खो-खो हसलं. मुकादमाने हाताच्या मुठी वळल्या, मी त्याची बाही धरून ठेवली.

शिक्षणमंत्री पूर्वी शाळामास्तर होते. हशा संपेपर्यंत थांबले, वर्ग गप्प होईपर्यंत थांबावं तसे. मग म्हणाले, "सन्माननीय सभासदांना विचारतो. आज या विधेयकाचं तिसरं वाचन आहे. तिन्ही वेळा ते सचिवांनी वाचलं, आपण ऐकलं. मग विधेयक वाचलं कोणी? फक्त सचिवांनी वाचलं असेल तर मतही त्यांना एकट्यांनाच देऊ द्या." जाडजूड सभासद बसले. हसण्याचा दुसरा हप्ता आमच्या बाजूचा होता.

मग एका वयस्कर बाईंनी खरा प्रश्न काढला. गरीब बाई घरचं पत्र घेऊन येईल, जमिनीचा कागद घेऊन येईल. वाचून दाखवणाऱ्याने गावभर केलं तर? मंत्र्यांनी मागे पाहिलं. परंतुक तिथंच कागद मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी तिथल्या तिथे लिहिलं: "परंतु, वाचून दाखवलेला मजकूर वाचून दाखवणाऱ्याने इतर कोणासही, मग ती व्यक्ती कितीही वरिष्ठ असो, सांगता कामा नये." कलम एकोणिसाला शेपूट लागलं. मला ते फार आवडलं. परंतुकांना आयुष्यात पहिल्यांदा योग्य जागी परंतु लावता आला, असं मी आईच्या कानात म्हटलं.

मतं पडली. होकार, होकार, होकार. सभापतींनी हातोडा आपटला आणि लगेच पुढचा विषय घेतला, मिठागरांचा.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं."

"मग टाळ्या का नाहीत?"

"गॅलरीत वाजवायच्या नसतात, आई. शांतता राखायची असते."

"इथंही?" आई म्हणाली आणि तिने वाजवल्या. आपल्या त्या शिवणाच्या सुया टोचलेल्या हातांनी. मग मुकादमाने वाजवल्या, मग सगळ्या व्हरांड्याने. पहारेकरी धावत आला. आम्हाला बाहेर काढलं, शहाण्या! कायदा झाल्याच्या दिवशी, आवाज केला म्हणून! रस्त्यावर आलो आणि आई इतकी हसली की तिला पायरीवर बसवावं लागलं. हसता हसता म्हणाली, "तुझ्या बाबांना असं चारचौघांत धरून नेलं होतं. आज मला नुसतं बाहेर काढलं. बरी प्रगती आहे." आणि मग डोळ्याला पदर लावला. मीही लावला. मुकादम दुसरीकडे बघत राहिला.

तिथे अध्यक्ष भेटले. मी सांगितलं की पहिलं वाक्य माझ्या भावाचं आहे. म्हणाले, "कायद्यावर कोणाचं नाव नसतं, बाई. पण त्याला कळवा की त्याच्या वाक्याला एक शब्दही लावावा लागला नाही."

कळवलं. मला तुझा अभिमान आहे. हे मी जेवताना बोलले नव्हते, म्हणून इथे लिहितेय.

तुझी
ताई


९ जुलै

शहाण्या,

नव्या कायद्याखाली आमच्याकडे पहिली नेमणूक झाली. नाटक कंपनीत पडद्याआडून नटांना वाक्यं सांगणारा एक प्रॉम्प्टर होता, कंपनी बुडाल्यापासून घरी बसलेला. त्याला घेतलं. काय माणूस मिळालाय! आवाज असा की शेजारच्याला शब्दन् शब्द कळतो आणि भिंतीपलीकडे कुजबुजही जात नाही. गणितवाली मुलगी खूष. व्हरांडा आता बंदिस्त होऊन बोलती खोली झाला. दारावर पाटी लावली, आणि ज्यांना पाटी वाचता येत नाही त्यांना प्रॉम्प्टर ती वाचून दाखवतो.

सकाळपासून रांग असते. नोटिसा, पावत्या, औषधाच्या बाटल्या, मुलाच्या शाळेचा दाखला. एक म्हातारा नव्या नवऱ्याच्या हौसेने बायकोने माहेरून लिहिलेलं जुनं पत्र घेऊन येतो, रोज तेच. अध्यक्ष रोज संध्याकाळी येतात, पेपर ऐकतात आणि मुकादमाशी भांडतात. दुसऱ्या गावांतून ग्रंथपाल बघायला येतात. मी त्यांना खोल्या दाखवते, भिंत दाखवते. माझी पाठ अलीकडे कायमचीच ताठ झालीय.

आता काल काय झालं ते ऐक. तुझं पत्र आलं. आईच्या नावाने. मी हात धुऊन, चष्मा पुसून, खुर्ची ओढून बसले. बघते तर आई चपला घालतेय.

"कुठे निघालीस?"

"ग्रंथालयात."

"पत्र वाचायचंय ना?"

"म्हणूनच," आई म्हणाली. पत्र कनवटीला लावलं आणि चालू लागली.

मी मागोमाग कामावर गेले. ती रांगेत उभी होती, माझ्याकडे न बघता. तिची पाळी आली. प्रॉम्प्टर तिच्या कानाशी वाचत होता. मी काचेतून बघत होते, त्याचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. मध्येच आई हसली. मग तिने त्याला काही तरी सांगितलं आणि तो लिहू लागला. लिहून देणं कायद्यात नाही, पण तिथे जाऊन बोलायचा मला धीर झाला नाही. आईने पाकिटावर जीभ फिरवली आणि स्वतः पेटीत टाकून आली.

दुपारी मी प्रॉम्प्टरला बोलावलं. सहज विचारल्यासारखं विचारलं, "आईच्या पत्रात काय होतं हो?"

त्याने हात जोडले. "कलम एकोणीस, बाई."

"मी तुमची वरिष्ठ आहे."

"'कितीही वरिष्ठ असो,'" तो म्हणाला. पाठ आहे त्याला. वाक्यं चोख सांगण्यातच जन्म गेलाय त्याचा.

अस्सा राग आला म्हणून सांगू! आणि त्याच वेळी असं वाटलं, की याला उचलून अध्यक्षांपुढे न्यावं आणि म्हणावं, बघा, असा माणूस पाहिजे. कायदा माझ्यावरच चालला, शहाण्या. माझ्याच ग्रंथालयात.

रात्री आईला विचारलं. ती म्हणाली, "तुझ्याबद्दल लिहिलंय बरंच."

"काय लिहिलंय?"

"ते त्याला विचार. इतकी वर्षं तुम्ही दोघं माझ्या पाठीवर कागद ठेवून एकमेकांना लिहिताय. आता मला माझं पत्र माझं म्हणून वाचता येतं. तुमचं तुम्ही बघा." आणि कूस बदलून झोपली.

तेव्हा आता मला कळायचा मार्ग एकच उरला. तुझा खोकला गेला का, तू परत येणार आहेस का, आणि माझ्याबद्दल ते 'बरंच' काय आहे, यातलं एक अक्षरही मला इथे कोणी सांगणार नाही, तसा कायदा आहे. तो तू लिहिलायस आणि मी पुरा केलाय.

मला पत्र लिही. पत्ता तोच आहे. नाव माझं घाल.

ताई